साडेतीन मिलिमीटर

सांगलीच्या गणपती पेठेत त्रिशला मगदूमचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक आत आलं की बाकीचे दुकानदार आधी नंबराचा कागद मागत. त्रिशला आधी माणसाला खुर्चीत बसवायची आणि त्याच्या कानशिलांकडं बघायची. ती रुंद आहेत की बसकी, नाकाचा दांडा उंच आहे की सपाट, कानामागं घाम किती येतो, कानातल्या डुलानं कातडी काळी पडलीय का. नंबर काय, यंत्र काढून देतं, असं ती म्हणायची. दिवसाचे सोळा तास या माणसाच्या नाकावर काय बसणार, ते ठरवणं हे खरं काम. उन्हात राबणाऱ्याला ती साधी धातूची फ्रेम देत नसे. ती तापते आणि खारट घामानं तिचा मुलामा सुटतो. शाळेतल्या पोरांना वाकवली तरी न मोडणारं नायलॉन, म्हाताऱ्यांना ओझं न वाटणारं टायटॅनियम. ज्यांना रंगाची हौस, त्यांना ॲसिटेट. कापसाच्या तंतूंपासून बनणारं हे प्लॅस्टिक गरम केलं की मेणासारखं वळतं आणि चेहऱ्यावर दागिन्यासारखं शोभतं. तिनं निवडलेली फ्रेम कुणी परत आणून दिली, असं वीस वर्षांत क्वचितच झालं होतं.

एका चेहऱ्यापुढं मात्र तिचं काही चाललं नव्हतं. तो तिच्या नवऱ्याचा होता.

कुलभूषण मगदूम मार्केट यार्डात हळद पारखायचा. सौदे सुरू व्हायच्या आधी बाहेरगावच्या खरेदीदारांसाठी ढिगांमधून फिरायचं, हळकुंड मोडायचं, आतला गाभा उजेडात धरायचा, वास घ्यायचा आणि सांगायचं, हा माल घ्या, हा सोडा. सकाळभर मान खाली. ॲसिटेटची फ्रेम महिन्याभरात हळदीनं पिवळी व्हायची आणि कितीही पुसली तरी तशीच राहायची. धातूतल्या निकेलनं त्याच्या नाकावर पुरळ उठायचं. टायटॅनियम कातडीला सोसलं, पण ते इतकं हलकं की तो ढिगावर वाकला की चष्मा घसरून हळदीत पडायचा. नायलॉन दोन महिन्यांत सैल. म्हणून दर दहा-पंधरा दिवसांनी संध्याकाळी तो दुकानात यायचा, शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसायचा आणि मग चष्मा काढून तिच्यापुढं धरायचा. ती काड्या गरम हवेवर धरून वळवायची, त्याच्या कानामागं बोटं घालून बघायची, परत वळवायची. तेवढ्या वेळात तो यार्डातल्या गमती सांगायचा.

२०४१च्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं ‘अनुरूप’ नावाचा नवा पदार्थ चाचणीसाठी बाहेर काढला. राज्यातली बारा दुकानं त्यांनी निवडली, त्यात त्रिशलाचं एक. पदार्थ ज्यांनी बनवला त्या डॉ. नुझहत पटवेगार मूळच्या मिरजेच्या. त्या स्वतः दुकानात आल्या आणि बाकावर बसून त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. या साखळ्या जागोजागी एकमेकींना गाठींनी बांधलेल्या असतात, आणि त्या गाठी पक्क्या असतात म्हणूनच वस्तू आपला आकार धरून राहते. ‘अनुरूप’मधल्या गाठी सुटतात आणि पुन्हा बसतात. अंगाच्या उबेत, जिथं सतत दाब पडतो तिथल्या गाठी हळूहळू सुटतात आणि जरा सरकून नव्या जागी बसतात, त्यामुळं फ्रेम तिथं सैलावते. उलट, फ्रेमला मुळातच आत ओढ दिलेली असते, त्यामुळं जिथं दाब कमी पडला तिथं ती आपसूक आत येते. एका दिवसात होणारा बदल केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तो रोज होतो. आठवड्याभरात फ्रेम त्या माणसाची होऊन जाते आणि पुढं जन्मभर त्याचीच राहते. ना टोचत, ना घसरत. निकेल नाही आणि हळदीचा रंगही धरत नाही.

त्रिशला हसून म्हणाली होती की मग माझं काम संपलंच. डॉ. पटवेगार म्हणाल्या, निवड करणारं कुणीतरी लागतंच की.

तिनं पहिली फ्रेम निवडली ती कुलभूषणसाठी. तो फारसा उत्सुक नव्हता. आहे हे बरं चाललंय, तू करून देतेसच की, असं म्हणाला. त्या दिवशी दुकानात उभं राहून राहून त्रिशलाची कंबर धरली होती.

“अजून किती वर्षं मी तुमच्या काड्या पिळत बसू?” ती म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं चष्मा घातला.

तिची निवड अगदी बरोबर ठरली. मार्च संपेपर्यंत कुलभूषण यार्डात सगळ्यांना चष्मा दाखवत फिरत होता. ढिगावर पार ओणवा होऊन तो मान हलवून दाखवायचा, आणि चष्मा जागचा हलायचा नाही. नाकावरचं पुरळ गेलं. हळद फडक्यानं पुसली की जायची. त्याचं बघून यार्डातले निम्मे लोक त्रिशलाकडं आले, त्यांचं बघून त्यांच्या घरचे. काड्या वळवायचं गरम हवेचं यंत्र तिनं उचलून मागच्या फळीवर ठेवलं. कुलभूषणला आता संध्याकाळी दुकानात यायचं कारण उरलं नाही. तो यार्डातून थेट घरी जायचा आणि ती येईपर्यंत कुकर लावून ठेवायचा. ते दोघांनाही सोयीचं वाटलं.

ऑगस्टमध्ये त्याच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन उतरवायला सांगितलं. तो सकाळी कृष्णेच्या घाटाकडं चालायला जाऊ लागला. वजन उतरू लागलं. लोक म्हणायचे, छान बारीक झालात, तरुण दिसताय. त्रिशलालाही तसंच वाटायचं. रोज समोर असलेला माणूस रोज तेवढाच दिसतो.

दिवाळीला मुलगी घरी आली. श्रुतिका नागपूरला आर्किटेक्चर शिकत होती, पाच महिन्यांनी येत होती. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी करंज्या भरता भरता ती म्हणाली, “आई, पप्पांचा चेहरा उतरलाय ग.”

त्रिशलानं साखरेचं, चालण्याचं, गोळ्यांचं सगळं सांगितलं.

“वजनाचं नाही म्हणत मी. हे बघ, इथं खड्डा पडल्यासारखं झालंय.” तिनं स्वतःच्या कानशिलावर पिठाचं बोट ठेवलं.

त्रिशलानं कुलभूषणला हाक मारली आणि खिडकीशी खुर्चीत बसवलं. तिनं बघितलं. चष्मा पहिल्या दिवशी बसला होता तसाच बसलेला. तिनं दुकानातलं एक कार्ड आणून काडी आणि कानशिलाच्या मध्ये सरकवून बघितलं. कार्ड आत जाईना.

“वीस वर्षं माणसांची कानशिलं बघतेय मी,” ती मुलीला म्हणाली. “चेहरा बसला असता तर सगळ्यात आधी चष्म्यानं सांगितलं असतं.”

कुलभूषण हसला आणि उठून गेला. श्रुतिका त्याच्याकडं बघत राहिली.

ही फ्रेम रोज थोडी थोडी आत येते, हे सांगलीत त्रिशलाइतकं चांगलं कुणाला ठाऊक नव्हतं. ते ती गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा समजावून सांगत होती. पण त्या सकाळी तिच्या तोंडून बोलली ती वीस वर्षांची सवय. घट्ट बसलेला चष्मा म्हणजे भरलेला चेहरा, हे तिच्या बोटांनी इतकी वर्षं शिकून ठेवलं होतं की डोक्याला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही.

पुढच्या मे महिन्यात एकदा सकाळी कुलभूषण काच पुसायला चष्मा काढून पेपरावर वाकला होता. त्रिशला चहा घेऊन आली आणि तिचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडं गेलं. त्याचे हात, नखं, सदऱ्याच्या बाह्या, सगळं हळदीनं कायमच पिवळं असायचं, त्याचं घरात कुणाला काही वाटत नसे. पण डोळ्यांना हळद लागत नाही. तिनं त्याला खिडकीशी नेलं, खालची पापणी ओढून बघितली आणि कप तसाच टाकून रिक्षा बोलावली.

मिरजेच्या इस्पितळात दोन दिवस तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती आणि तिथून ती यकृतात पोचली होती. डॉक्टर वयस्कर बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. बारीक व्हायला कधीपासून लागलात, असं त्यांनी विचारलं. कुलभूषणनं साखरेचं सांगितलं.

“त्याच्या आधीपासून असणार,” डॉक्टर म्हणाल्या. “साखरही बहुधा यामुळंच आली. बहुतेक लोक सांगतात, अंगठी गळून पडायला लागली, घड्याळ मनगटावर फिरायला लागलं, चष्मा घसरायला लागला, तेव्हा लक्षात आलं. तुमच्या काही लक्षात आलं नाही?”

अंगठी, घड्याळ मी कामावर घालत नाही, असं कुलभूषण म्हणाला. चष्म्याचं तो काही बोलला नाही. त्रिशलाही बोलली नाही. नंतर व्हरांड्यात डॉक्टरांना एकटं गाठून तिनं विचारलं, आधी कळलं असतं तर.

“सहा-आठ महिने आधी आला असतात तर ऑपरेशनचं बोलणं करता आलं असतं. खात्री मी तेव्हाही दिली नसती. पण बोलणं करता आलं असतं.”

पुढं पाच महिने गेले. त्रिशला सकाळी दोन तास दुकान उघडायची आणि घरी यायची. कुलभूषण झपाट्यानं आटत चालला होता आणि चष्मा त्याच्या मागोमाग जात होता. गळ्यातली हाडं वर आली, सदरे अंगावर लोंबू लागले, आणि त्या सगळ्यात चष्मा तेवढा नीट, बेतून शिवल्यासारखा. तिला त्याच्याकडं बघवत नसे. एका दुपारी त्याला पेज भरवून झाल्यावर तिनं मनातलं बोलून टाकलं. चष्म्यानं सगळं लपवलं, आणि तो मी दिला होता.

कुलभूषणनं डोळे मिटले होते. तिला वाटलं, झोप लागली.

“काढून ठेवू का?” त्यानं विचारलं.

“नको. दिसायचं नाही तुम्हाला.”

“मग राहू दे. तुझं तोंड स्पष्ट दिसतंय यातून.”

त्या विषयावर त्यांचं बोलणं झालं ते एवढंच. त्यानंतर चार-पाच दिवसांनी, तिनं उशी सारखी करताना, तो एकदम म्हणाला, “श्रुतिकाला कधी काही बोलू नकोस हं.” कशाबद्दल, असं तिनं विचारलं. त्यानं मान हलवली आणि भिंतीकडं वळला.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी तो गेला. चष्मा त्रिशलानंच उतरवला. तिनं तो सुती फडक्यात गुंडाळला आणि कपाटात, ऊन पोचणार नाही अशा खालच्या खणात ठेवला. उबेशिवाय ‘अनुरूप’ हलत नाही. म्हणजे त्या दोन काड्यांच्या मध्ये जी जागा होती, ती त्याच्या शेवटच्या दिवसाची जागा होती. घरात त्याचे फोटो शेकड्यांनी होते, चालत्याबोलत्या चित्रफिती होत्या. तरी ती दुपारी कपाट उघडायची, फडकं सोडायची आणि त्या जागेत आपला पंजा उभा धरायची. एवढं त्याचं डोकं. एवढंच.

जानेवारीत डॉ. पटवेगार घरी आल्या. भेटायला आल्या होत्या, पण मनात आणखी काहीतरी आहे, हे त्रिशलाला त्यांच्या बसण्यावरून कळलं. बऱ्याच वेळानं त्यांनी ते सांगितलं.

‘अनुरूप’च्या गाठी सुटतात आणि नव्या जागी बसतात, हे खरं. पण बसलेली गाठ दिवसेंदिवस मुरत जाते, पक्की होत जाते. कालची गाठ कोवळी, वर्षापूर्वीची निबर. म्हणून फ्रेम अगदी सावकाश, अर्ध्या अर्ध्या अंशानं तापवली तर आधी सगळ्यात नव्या गाठी सुटतात आणि फ्रेम आदल्या आकारावर जाते. आणखी तापवली की त्याच्या आदल्या. असं करत करत ती उलट्या वाटेनं पहिल्या दिवसापर्यंत चालत जाते. ज्या चेहऱ्यावर ती बसली होती, त्याचा सगळा प्रवास तिच्यात साठलेला असतो. हे त्यांना गेल्या पावसाळ्यात प्रयोग करताना सापडलं होतं.

“उपाशी राहून माणूस बारीक झाला की गाल आधी उतरतात,” त्या म्हणाल्या. “या आजारात स्नायू झडतात, म्हणजे कानशिलं आधी बसत असणार. फ्रेमवर गालाकडचा आणि कानशिलाकडचा दाब वेगळा उमटतो. फरक वाचता आला तर दर सहा महिन्यांनी फ्रेम जराशी तापवून दुकानातच सांगता येईल, या माणसाला डॉक्टरकडं पाठवा. वरवरच्या गाठी पुन्हा बसतात, चष्म्याला काही होत नाही. पण काय शोधायचं ते आम्हाला माहीत नाही. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत घातलेली, आजाराच्या तारखा ठाऊक असलेली फ्रेम चाचणीत एकच आहे.”

“ती पूर्ण तापवावी लागेल.”

“हो.”

“आणि शेवटचा आकार?”

“तो सगळ्यात आधी जाईल,” डॉ. पटवेगार म्हणाल्या. “परत आणता येणार नाही.”

त्रिशलानं नाही म्हणून सांगितलं. त्या उठल्या, दारात थांबून त्यांनी तिचा हात धरला आणि गेल्या.

पण त्यानंतर दुकानात बसणं तिला जड जाऊ लागलं. तिनं गावात तीनशे चाळीस लोकांना ‘अनुरूप’ दिली होती. त्यातलं कुणी काचा बदलायला, कुणी नुसतं बोलायला यायचं. सगळ्यांचे चष्मे झकास बसलेले. एकेकाळी माणूस पायरी चढताना तिला कळायचं, याच्या घरी काहीतरी बिनसलंय, याला ताप येऊन गेलाय, ही बाळंतपणातून उठलीय. आता सगळे चेहरे सारखेच ठाकठीक दिसत होते. यातल्या कुणाच्या कानशिलामागं काय चाललंय, हे तिला दिसत नव्हतं, आणि न दिसण्याची व्यवस्था तिनंच स्वतःच्या हातानं करून दिली होती. तिसऱ्या आठवड्यात तिनं पुण्याला फोन केला.

श्रुतिकाला तिनं फक्त कळवलं, येऊ नकोस म्हणून सांगितलं.

प्रयोगशाळेतली खोली लहान होती. काचेच्या पेटीत फ्रेम एका बारीक दांडीवर ठेवली होती, चारी बाजूंनी तिचं अंतर मोजणारे कॅमेरे, आणि पडद्यावर आकडे, गाठींच्या वयावरून निघणारे महिने आणि त्यांची रेघ. दोन काड्यांमध्ये एकशे त्रेचाळीस मिलिमीटर. डॉ. पटवेगार यंत्राशी बसल्या आणि त्यांनी विचारलं, सुरू करू? त्रिशला हो म्हणाली.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. मग काड्या हलल्या. डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकं, घडी आपसूक उलगडावी तसं. पडद्यावर एकशे त्रेचाळीसचे एकशे चव्वेचाळीस झाले. तो शेवटचा दिवस गेला, आणि तो आठवडा, ज्यात त्याला पाणीही गिळवत नव्हतं. त्रिशलानं साडीचा पदर मुठीत धरला होता. एकशे पंचेचाळीस. सप्टेंबर. ऑगस्ट, तो अजून काठी घेऊन गॅलरीपर्यंत जात होता. जुलै. जून. पेटीत उष्णता अर्ध्या अर्ध्या अंशानं चढत होती आणि काचेपलीकडं तिचा नवरा हळूहळू बरा होत होता. मे. तिला वाटलं, इथं थांबवा म्हणावं. पण डोळे पिवळे होण्याच्या त्या सकाळीही आकडा अजून एकशे सत्तेचाळीसच होता, आणि पहिल्या दिवशी तो एकशे बावन्न होता, हे तिनं स्वतःच्या हातानं कार्डावर लिहिलं होतं.

एप्रिल, मार्च, फेब्रुवारी. रेघ चढत राहिली.

“ऑक्टोबर,” डॉ. पटवेगार म्हणाल्या. “दिवाळी कधी होती?” मग त्यांना त्रिशलाचा चेहरा दिसला आणि त्यांनी नुसता आकडा वाचला. “साडेतीन मिलिमीटर गेलेले होते. सगळे कानशिलाकडून. गाल तसेच आहेत.”

साडेतीन मिलिमीटर म्हणजे किती, हे त्रिशलाला कुणी सांगायला नको होतं. दीड गेला की माणूस दुकानात येतो. साडेतीनला चष्मा नाकावर थांबत नाही. जुन्या टायटॅनियमच्या फ्रेममध्ये जुलैपासून दिवाळीपर्यंत तो निदान आठ वेळा तिच्यापुढं येऊन बसला असता, आणि चौथ्या वेळी तिच्या बोटांना कळलं असतं. ऑपरेशनचं बोलणं करता आलं असतं.

रेघ जुलैपर्यंत चढली आणि सपाट झाली. जून, मे, एप्रिल, तो निरोगी होता. मग फ्रेम थांबली. डॉ. पटवेगारांनी ती थंड होऊ दिली आणि तिच्या हातात दिली. आता ती खोक्यातून काढलेल्या कुठल्याही नव्या फ्रेमसारखी होती. त्रिशलानं तिच्यात पंजा धरून बघितला. तिथं कुणीच नव्हतं. तिनं ती टेबलावर ठेवली आणि तुमच्याकडंच राहू द्या म्हणाली.

बाहेर कडुनिंबाखाली श्रुतिका बसली होती. नागपूरहून रात्रीच्या गाडीनं आली होती, आणि आत यायचं धाडस झालं नव्हतं. त्रिशला तिच्याशेजारी बसली आणि तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. जुलै. दिवाळीला साडेतीन. “तू म्हणालीस ते बरोबर होतं. मी ऐकलं नाही.”

श्रुतिकानं पायाखालची माती चपलेनं सारखी केली.

“पाडव्याला,” ती म्हणाली, “पप्पा मागच्या अंगणात बसून पट्ट्याला भोक पाडत होते. दाभणानं. ते तिसरं होतं, आई. मी विचारलं तर म्हणाले, आईला सांगू नकोस. कालच ती इतक्या खात्रीनं म्हणालीय, तिला वाटेल आपलं चुकलं. आपण दिवाळी झाल्यावर बघू, म्हणाले. आणि मी परत गेले. परीक्षा होती. नंतर फोनवर विचारायचं राहून गेलं.”

सांगायचं होतंस ग, हे त्रिशलाच्या ओठापर्यंत आलं. मग भिंतीकडं वळताना कुलभूषण जे म्हणाला होता, त्याचा अर्थ तिला लागला. त्यानं हे सगळं आधीच बघून ठेवलं होतं. या दोघी कधीतरी समोरासमोर बसतील, आणि आईच्या ओठावर हे येईल.

तिनं ते गिळलं. पोरगी वीस वर्षांची होती, आणि हे ओझं तिनं एकटीनं सव्वा वर्ष वागवलं होतं.

“सकाळपासून काही खाल्लंस का?” तिनं विचारलं. श्रुतिकानं मान हलवली. तेव्हा कुठं ती रडली, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून तशीच बसून राहिली.

दोन वर्षांनी ‘अनुरूप’ विकणाऱ्या प्रत्येक दुकानात एक लहानशी पेटी आली. दर सहा महिन्यांनी चष्मा तिच्यात ठेवायचा, आणि दहा मिनिटांत कळतं. पेटीबरोबर भिंतीवर लावायचा एक तक्ता यायचा. त्यावर वेगवेगळ्या रेघा होत्या, म्हातारपणाची, उपासाची, बाळंतपणाची. सगळ्यात खाली घसरत गेलेल्या रेघेखाली ‘नमुना एक’ असं छापलेलं होतं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर त्रिशला म्हणायची, चाचणीतला कुणीतरी आहे.

तासगावच्या मालनबाई घोरपडे अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या चष्म्यात कानशिलाकडं पाऊण मिलिमीटर कमी निघालं, तेव्हा त्रिशलानं त्यांना हट्टानं मिरजेला पाठवलं. गाठ लहान होती. ऑपरेशन झालं. वर्षभरानं त्या एकट्या एसटीनं आल्या, पिशवीभर बेदाणे घेऊन. तुमच्यामुळं मी इथं बसलेय, म्हणाल्या. त्रिशलानं हसून चष्मा पेटीत ठेवला. गेलेलं सगळं भरून आलं होतं. तिनं तसं सांगितलं आणि पाणी आणते म्हणून मागं गेली.

मागं गेल्यावर तिला जे वाटलं, त्याची तिला भीती वाटली. त्या बाईचा तिला संताप आला होता. अडुसष्ट वर्षांची बाई, आणि ती जगली. तिच्यासाठी कुणीतरी चष्मा तापवून बघितला. त्रिशला मोरीच्या कट्ट्याला धरून उभी राहिली. संताप गेला नाही. तिनं तोंडावर पाणी मारलं, पेला भरला आणि बाहेर आली.

मालनबाई तक्त्यापाशी उभ्या होत्या.

“ही कुणाची हो?” त्यांनी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. “मध्येच संपलीय.”

“माझ्या मिस्टरांची,” त्रिशला म्हणाली.

मालनबाईंचं बोट रेघेवर तसंच राहिलं. मग त्यांनी ते हळूच उचललं.

“नाव काय त्यांचं?”

“कुलभूषण.”

मालनबाईंनी पेला तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला आणि तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. दोन माणसं बाकावर खोळंबली होती. मालनबाईंनी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं आणि स्वतः स्टूल ओढून समोर बसल्या.

“कसे होते?” त्यांनी विचारलं.

त्रिशलानं सांगायला तोंड उघडलं. आणि दुकानात, भर सकाळी, गिऱ्हाइकांच्या देखत, तिला रडू आवरेना.